काळ्या मातीत लॉनची काँक्रीट बॉर्डर: आधी पाण्याची वाट, मग मुरूम, मग सिमेंट

तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. नाशिकच्या बाहेर बंगला, समोर ४० बाय २५ फुटांचं लॉन करायचं आहे. एका बाजूला गाडीचा रस्ता, तिथे ४० फुटांची सरळ कड. कंपाउंडच्या बाजूला फुलझाडांचा वळणदार वाफा, त्याची कड साधारण ६० फूट. वर दोन फूट काळी माती, खाली मुरूम. कोपऱ्यात जुना आंबा. आधी तिरप्या विटांची बॉर्डर होती, ती दोन पावसाळ्यांत वाकडी झाली आणि विटांना लोणा लागून त्या झडायला लागल्या. आता गवंडी म्हणतो, जमिनीवरच ३ इंचांची काँक्रीटची पट्टी ओढून देतो. तुम्ही परदेशातल्या मशीनचा व्हिडिओ पाहिला आहे. आणि मे महिन्यात बॉर्डर उरकून जूनमध्ये लॉन लावायचा बेत आहे.

पुणे-नाशिक पट्ट्यात मी बरीच वर्षं बागांचीच कामं करतो. माझं मत स्पष्ट आहे: जमिनीवरची पट्टी नको, मेमधलं काम नको. बॉर्डर काँक्रीटचीच करा, पण पाया देऊन. आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं हे कळल्याशिवाय एक घमेलंसुद्धा ओतू नका.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मेमध्ये तुमच्याच प्लॉटवरच्या भेगांत बोट घालून पाहा, सहज जाईल. ही हालचाल सगळीकडे सारखी असती तर बॉर्डर एकसंध वर-खाली झाली असती. पण नळाजवळची, ड्रिपखालची माती ओली राहते, गाडीच्या रस्त्याकडची कोरडी पडते. ओल्या भागातली पट्टी उचलली जाते, कोरड्या भागातली बसते आणि मधे काँक्रीट तुटतं. सिमेंट कितीही भारी आणा, ३ इंचांच्या पट्टीत हा ताण झेलायची ताकद नसते. विटा वाकड्या झाल्या त्याचंही कारण हेच. लोण्याने त्या झडल्या, पण हलवल्या मातीने.

व्हिडिओतलं मशीन ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत बरंच वापरतात. त्यात खडी नसलेला, जवळजवळ कोरडा वाळू-सिमेंटचा माल घालतात. मशीन तो दाबत पुढे सरकतं आणि मागे सलग कड तयार होत जाते. दिसतं छान, काम झपाट्याने होतं. पण ती कड जमिनीच्या माथ्यावर बसलेली असते, तिला खाली काही आधार नसतो. घट्ट, न हलणाऱ्या जमिनीवर ती टिकते. आपल्या काळ्या मातीत तिची गत गवंड्याच्या पट्टीसारखीच होईल.

मे महिना का नको? त्या वेळी माती सर्वांत जास्त आकसलेली असते. तेव्हा चर खणून काँक्रीट भरलं की पहिल्या दमदार पावसात माती दोन्ही बाजूंनी आणि खालून फुगते. शिवाय उन्हात ताजं काँक्रीट भराभर सुकतं आणि बागेतल्या कामाला दिवसातून चार वेळा पाणी मारायला कोणी थांबत नाही. या कामाला योग्य काळ म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. पावसाचं पाणी उतरलेलं असतं, माती ना फुगलेली ना भेगाळलेली, खणायलाही मऊ.

म्हणजे यंदा लॉन लावायचंच नाही का? लावा, बिनधास्त लावा. फक्त यंदा काँक्रीटऐवजी कडेने फावड्याने ४ इंच खोल, उभी खाच मारून घ्या. लॉनच्या बाजूने सरळ उभी, वाफ्याच्या बाजूने उतरती. दर महिन्याला ती एकदा साफ केली की गवत रोखलं जातं. यात मोठा फायदा असा की एक अख्खा पावसाळा तुम्हाला पाणी पाहायला मिळेल. जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर या. पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं, वाफ्यातली माती कुठे घसरते, ते फोटो काढून ठेवा. बॉर्डरचा खरा नकाशा त्या फोटोंत असतो. वळण आवडलं नाही तर खाच बदलायला पैसेही लागत नाहीत.

आता पाणी. काँक्रीटची सलग बॉर्डर म्हणजे जमिनीवर घातलेला छोटा बांध. आधी जे पाणी पसरून निघून जायचं ते आता अडतं. लॉनमध्ये अडलं तर गवताची मुळं कुजतात आणि पावसाळ्यात पिवळे चट्टे पडतात. वाफ्यात अडलं तर मोगरा, गुलाब आधी जातात. आणि अडलेलं पाणी बॉर्डरच्या पायात मुरलं की काळी माती नेमकी तिथेच फुगते. म्हणून लॉनला उतार हवाच. शंभराला एक, म्हणजे तुमच्या २५ फुटांच्या रुंदीत ३ इंच. डोळ्यांना तो जाणवत नाही, पाण्याला पुरतो. उतार बंगल्यापासून लांब जाणारा ठेवा. लेव्हल ट्यूबमध्ये पाणी भरून चारही कोपऱ्यांच्या खुणा कंपाउंडवर आणि खुंट्यांवर करून घ्या, अंदाजाने उतार काढू नका.

गच्चीचा पन्हाळी पाइप लॉनमध्ये सुटतो, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याचं काम आधी करा. ४ इंची पाइप जमिनीखालून नेऊन शोषखड्ड्यात किंवा रस्त्याकडच्या गटारात सोडा. गच्चीचं पाणी लॉनवर येत राहिलं तर पुढे सांगितलेलं सगळं करूनही बॉर्डर हलेल.

बॉर्डरच्या सखल बाजूला दर ६ ते ८ फुटांवर दीड इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आडवा टाकून ठेवा. त्याचं तोंड लॉनच्या मातीच्या पातळीला आलं पाहिजे. वर आलं तर पाणी साचल्यावरच जाईल, खाली गेलं तर माती भरून बुजेल. लॉनच्या बाजूच्या तोंडाला प्लास्टिकची जाळी बांधा. काम करणारे हे तुकडे हमखास विसरतात, म्हणून माल कालवायच्या आधी तुम्ही स्वतः चरात उतरून मोजा. त्याच वेळी ड्रिपच्या लाइनसाठी आणि बागेतल्या दिव्यांच्या वायरीसाठी २ इंची पाइप आडवे टाकून दोन्ही तोंडं कापडाने बंद करून ठेवा. आज दिवे लावायचे नसले तरी टाका. नंतर बॉर्डर फोडायला लागते ती याच कामासाठी.

आखणीचं सांगतो. वळणासाठी बागेचा रबरी पाइप उन्हात तासभर ठेवा. मऊ झाला की जमिनीवर हवा तसा वळतो. गच्चीवरून किंवा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पाहा, कारण जमिनीवर उभं राहून जे वळण नाजूक वाटतं ते वरून बऱ्याचदा नुसतं थरथरल्यासारखं दिसतं. ६० फुटांत दोन किंवा तीन मोठी वळणं पुरेत. लॉन मोअर फिरला पाहिजे, म्हणून कुठलंही वळण ३ फूट त्रिज्येपेक्षा आवळू नका. टोकदार कोपरा तर ठेवूच नका, तिथलं गवत कायम कात्रीने कापावं लागतं. पाइप जागेवर बसला की त्याच्या कडेने फक्की टाका.

भिंतीलगत वाफा करायचा मोह बहुतेकांना होतो. काळ्या मातीत बंगल्याच्या जोत्यापासून वाफा किमान ३ फूट लांब असावा. वाफ्याला रोज पाणी घालायचं आणि ते पायाशी मुरवायचं, याने घराच्या भिंतीलाच तडे जातात. तुमचा वाफा कंपाउंडकडे आहे हे चांगलं आहे, पण कंपाउंडच्या पायाचाही हाच विचार करा आणि ड्रिपची लाइन भिंतीपासून दीड-दोन फूट आत ठेवा.

बॉर्डरचं माप. फक्त वाफ्याची कड असेल तर ४ इंच रुंदी चालते. लॉनच्या कडेला मात्र ६ इंच घ्या, म्हणजे मोअरचं एक चाक काँक्रीटवरून चालतं आणि कडेचं गवतही कापलं जातं. उंची एकूण ८ इंच. लॉनची माती बॉर्डरच्या माथ्यापेक्षा १ ते दीड इंच खाली ठेवा. कार्पेट गवत बसलं, दाट झालं की ते बरोबर माथ्याशी येतं. वाफ्याची माती माथ्यापासून २ इंच खाली असू द्या, नाहीतर पहिल्या पावसात ती लॉनवर येते.

खोली किती, हे गवतावरही ठरतं. मेक्सिकन किंवा कोरियन म्हणून मिळणारं कार्पेट गवत सावकाश पसरतं, त्याला ४ इंचांचा अडथळा पुरतो. हरळीच्या जातीचं लॉन असेल तर ती जमिनीवरून आणि जमिनीखालून, दोन्हीकडून धावते, तिला ६ इंचांहून जास्त खोली लागते. आपल्या ८ इंचांत तीही अडते, फक्त माथ्यावरून आलेले धावते कोंब पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी खुरप्याने उडवावे लागतात. लव्हाळ्याला मात्र कुठलीच बॉर्डर अडवत नाही. त्याच्या गाठी खोलवर साखळीने असतात. लॉन लावण्याआधी जमीन खणून त्या हाताने वेचून काढणं एवढाच उपाय खरा.

सरळ ४० फुटांसाठी माझी शिफारस थोडी वेगळी आहे. तिथे रेडीमेड कर्ब, म्हणजे कडेला लावायचे काँक्रीटचे तयार ठोकळे बसवा, फूट-दीड फुटाचे तुकडे. गाडीच्या रस्त्याकडची जमीन कोरडी आणि लॉनकडची ओली, त्यामुळे हालचाल तिथेच सगळ्यात जास्त होणार. तुकड्यांची बॉर्डर हलली तर दोन-तीन तुकडे काढून, खालचा थर नीट करून परत बसवता येतात. सलग ओतलेल्या बॉर्डरचं तसं होत नाही. कर्बखाली मुरूम, त्यावर १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा ३ इंच थर, आणि रस्त्याकडच्या बाजूने कर्बच्या निम्म्या उंचीपर्यंत काँक्रीटचा तिरका आधार द्या, म्हणजे गाडीचं चाक लागलं तरी कर्ब ढळत नाही. वळणदार ६० फुटांना मात्र जागेवरच ओतलेलं काँक्रीट हवं. सरळ कर्ब वळणावर लावले की तोंडं उघडी पडतात, त्यांत गवत शिरतं आणि दिसायलाही वाईट.

आता पाया, म्हणजे या कामाचा गाभा. चर १ फूट रुंद आणि १८ इंच खोल घ्या. त्यात १० इंच मुरूम आणि वर ८ इंच काँक्रीट. मुरूम चांगला, थोडा चिकणा हवा, नुसते दगड असलेला नको. खाली वाळू किंवा खडीचा थर टाकू नका. काळ्या मातीत खडीच्या फटींत पाणी साठून राहतं आणि पायाशी पाण्याची टाकी तयार होते. दाबलेला मुरूम फारसं पाणी आत घेत नाही, म्हणून इथे तोच योग्य.

मुरूम तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसने ठोका. पाणी किती? मूठभर मुरूम हातात आवळा. गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. तो गोळा दोन बोटांत दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला तर ओल बरोबर आहे. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा झाला तर जास्त. ठोकून झाल्यावर त्यावर चप्पल घालून टाच जोरात फिरवा. टाचेची खळी पडली तर परत ठोकायला सांगा. गवंड्याला हे आवडणार नाही, कारण ठोकण्याचा वेळ त्याच्या रनिंग फुटाच्या दरात धरलेला नसतो. म्हणून दर ठरवतानाच खणाई, मुरूम आणि ठोकाई त्यात धरून बोला. १०० फुटांसाठी मुरूम साधारण एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट लागतो.

शटरिंग, म्हणजे माल ओतायचा साचा, वळणावर ४ ते ६ मिमीच्या प्लायच्या पट्ट्यांचं करा, सहज वळतात. पट्टीमागे १० मिमी सळीचे तुकडे ठोका, सरळ भागात दर २ फुटांवर, वळणावर दर फुटावर. ओतताना माल पट्टीला बाहेर ढकलतो आणि एकदा पोट सुटलं की ते कायमचं दिसतं. पट्टीला आतून शटरिंग ऑइल लावा. गाडीचं जळकं ऑइल कुणी आणलं तर परत पाठवा, ते काँक्रीटला डाग पाडतं आणि मातीत उतरलं की कडेची झाडं धरत नाहीत. शटरिंग झालं की माथ्याची दोरी ताणून लेव्हल परत एकदा तपासा. इथे अर्धा इंच दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात, ओतल्यावर तो दुरुस्त होत नाही.

सळी घालायची का? मुरमाड जमिनीत मी घालत नाही. तुमच्याकडे घाला. ८ मिमीच्या दोन सळ्या, रुंदीच्या मधोमध, एक वर आणि एक खाली. वरची माथ्यापासून अडीच इंच खाली, खालची तळापासून २ इंच वर. सळी मुरुमावर पडून राहिली तर ती घालून काही उपयोग नाही, तिच्याखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवा. पॉलिप्रोपिलीनचं फायबर मिळालं तर एका गोणीला १२५ ग्रॅम टाका. त्याने सुरुवातीचे केसासारखे बारीक तडे कमी होतात. सळीचं काम मात्र ते करत नाही.

माल १:१.५:३, म्हणजे एम २० या ताकदीचं काँक्रीट. खडी १०-१२ मिमीची, कारण ६ इंचांच्या शटरिंगमध्ये सळी असताना मोठी खडी नीट खाली उतरत नाही. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू चालेल, पण धूळ जास्त असेल तर धुतलेली मागा. घमेल्याने मोजू नका. प्रत्येक जण घमेलं वेगळं भरतो. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा फरमा बनवून घ्या, त्यात ३५ लिटर माल बसतो, आणि सिमेंटची ५० किलोची गोणीही साधारण तेवढीच भरते. एका गोणीला दीड फरमा वाळू आणि तीन फरमे खडी. हाताने कालवणार असाल तर सिमेंट दहा टक्के जास्त धरा.

१०० रनिंग फुटांचा हिशोब असा: ६ इंच रुंद, ८ इंच उंच म्हणजे सुमारे ३३ घनफूट तयार काँक्रीट. त्याला सिमेंटच्या ८ गोण्या, वाळू १४ घनफूट, खडी २८ घनफूट. तुमच्या ६० फुटांच्या वळणाला याच्या साठ टक्के, म्हणजे ५ गोण्या. कर्बखालचा थर, हाताने कालवण्याची वाढ आणि नासाडी धरून दोन गोण्या जास्त आणा. खडीवाला अर्धा ब्रास घ्यायला लावेल, पाव ब्रासमध्ये तुमचं काम होतं.

पाण्यावर मात्र उभं राहून लक्ष ठेवा. एका गोणीला २५ ते २७ लिटर, म्हणजे २० लिटरची एक बादली आणि वर पाव-एक बादली. भारतीय मानक संस्थेच्या आयएस ४५६ मध्ये या प्रमाणाच्या मालाला गोणीमागे ३० लिटर ही कमाल मर्यादा दिली आहे. मजूर पाइप लावून पाणी सोडतात, कारण पातळ माल ओतायला सोपा जातो. त्याच मालाला वर पाणी सुटतं, माथा कमजोर होतो आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. बरोबर माल फावड्यावर घेतला तर ढीग धरतो, फावडं हलवलं की सावकाश सरकतो.

ओतण्याआधी मुरूम आणि चराच्या बाजू पाण्याने ओल्या करा, डबकं मात्र राहू देऊ नका. एका टोकाकडून सलग ओतत या. सळईने ठासा, विशेषतः पट्टीच्या कडांना आणि आडव्या पाइपांच्या खाली, आणि बाहेरून लाकडी हातोड्याने हलके ठोके द्या. पट्टी काढल्यावर कडेला जी भोकं-भोकं दिसतात ती इथल्या घाईमुळे. वर पाणी आलं तर ते आपोआप जिरू द्या. गवंडी त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून थापी मारायला बघतो, पटकन गुळगुळीत दिसावं म्हणून. ते करू देऊ नका, तोच थर नंतर सुटतो. पाणी जिरल्यावर लाकडी रंध्याने माथा करा, एक इंची पाइपचा तुकडा फिरवून दोन्ही कडा किंचित गोल करा आणि शेवटी मऊ खराटा आडवा ओढा. पाय पडला तरी घसरत नाही. गोल केलेली कड मोअरच्या धक्क्याने टवका उडू देत नाही, हे छोटं काम कधी सोडू नका.

काँक्रीटला तडा जाणारच, तो कुठे जावा हे आपण ठरवायचं. माल ओला असतानाच दर ४ फुटांवर थापीने २ इंच खोल खाच पाडा. तडा त्या खाचेत जाईल आणि दिसणार नाही. दर १६ फुटांवर बॉर्डर पूर्ण तोडा, मधे अर्धा इंच थर्मोकोल किंवा डांबरी पॅड. तिथे दोन्ही सळ्या २ इंच आधीच थांबवा आणि त्याऐवजी १२ मिमीची फूटभर लांब गुळगुळीत सळी आरपार ठेवा. तिच्या एका अर्ध्या भागाला भरपूर ग्रीस. याने दोन तुकडे लांबीत मोकळे सरकतात, पण एक वर आणि एक खाली असा टप्पा पडत नाही. जोतं, कंपाउंड, रस्त्याचं काँक्रीट, पायऱ्या, जिथे जिथे बॉर्डर दुसऱ्या बांधकामाला भिडते तिथेही असाच सांधा. बॉर्डर जोत्याला चिकटवून ओतलेली एका बंगल्यात मी पाहिली आहे. तीन फुटांवर आडवी तुटली होती आणि तुटताना जोत्याच्या गिलाव्याचा मोठा पोपडा घेऊन गेली होती. वीतभर थर्मोकोलने ते वाचलं असतं.

पट्ट्या २४ तासांनी काढा, गोणपाट गुंडाळा आणि ओलं ठेवा. बाजारात आता बहुतेक पीपीसी (राखमिश्रित) सिमेंट मिळतं, ते सावकाश ताकद धरतं. त्याला किमान १० दिवस, हवा कोरडी-उष्ण असेल तर १४ दिवस पाणी हवं. आठवड्यानंतर दोन्ही बाजूंची माती भरा, पण एकाच वेळी, थोडी इकडे थोडी तिकडे, ठोकत. एका बाजूने पूर्ण भरून ठोकली तर नवी बॉर्डर कलते.

आता आंबा. बुंध्याजवळ, शक्य तर फांद्यांच्या घेराच्या आत, काहीही खणू नका. त्याबाहेरही खणताना अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर कुऱ्हाड चालवू नका. मुळाच्या दोन्ही बाजूंना सांधा देऊन बॉर्डर थांबवा आणि तेवढी फूट-दीड फुटाची जागा सुट्या दगडांनी भरा. मूळ वाढलं की दगड सरकतील, काँक्रीट फुटणार नाही. खरं तर आंब्याखाली दाट सावलीत गवत विरळच राहतं. त्यापेक्षा लॉन आंब्याच्या घेराबाहेर संपवा आणि खाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, झाडालाही तेच मानवतं.

वाफ्यात काय लावायचं याचाही काँक्रीटशी संबंध आहे. ताज्या काँक्रीटमधून चुना झिरपतो, आणि काळी माती व बोअरचं पाणी आधीच अल्कधर्मी असतं. अशा जागी एक्झोरा आणि अनंत लावले की नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात. लोह जमिनीत असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. ही झाडं कडेपासून दीड-दोन फूट आत लावा आणि खड्ड्यात कुजलेलं शेणखत भरपूर घाला. माल कालवलेली जागा, घमेली-फावडी धुतलेलं पाणी यांतलं काहीही वाफ्यात जाऊ देऊ नका. कालवण्यासाठी प्लास्टिकचा कागद किंवा पत्रा अंथरायला सांगा. बॉर्डरला गेरू-चुन्याचे पट्टेही मारू नका, दर पावसात तो चुना मातीतच उतरतो. साधं राखाडी काँक्रीट हिरव्या गवताशेजारी शोभून दिसतं, वर्षभरात ते आपसूक मऊ रंगाचं होतं.

कोकणातून किंवा गोव्यातून कोणी हे वाचत असेल तर त्यांनी इतका खटाटोप करू नये. तिथली जांभ्याची माती अशी फुगत नाही, आणि जांभ्याचा चिरा अर्धा पुरून लावला की बॉर्डर झाली. पाण्याला वाट मात्र तिथे आणखी मोठी ठेवावी लागते.

पुढे कधी बारीक, केसाएवढा तडा दिसला तर त्याला हात लावू नका. दोन भागांत पातळीचा फरक पडला तर समजा खाली पाणी मुरतंय. आधी ते पाणी शोधा: गळका नळ, फुटलेली ड्रिपची नळी, बुजलेला पाइप. कारण काढल्याशिवाय वरून सिमेंट लावलं तर ते पुढच्या पावसात निघतं. कारण मिळालं की दोन सांध्यांमधला तेवढाच तुकडा फोडून नव्या मुरुमावर परत ओता, बाकीची बॉर्डर तशीच राहू द्या.

सगळं एकदम करायचा खर्च जड जात असेल तर क्रम असा ठेवा. यंदा पावसाआधी गच्चीचा पाइप वळवा आणि लॉनचा उतार काढा. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की लॉन लावा, कडेला खाच मारा. दिवाळीनंतर वळणाचे ६० फूट ओता, आणि कर्बचं काम त्याच्या पुढच्या वर्षी केलं तरी बिघडत नाही. पण रस्त्याखालून जाणारे ड्रिपचे आणि वायरीचे पाइप याच वर्षी टाकून घ्या.